घाटात ट्रेलर का अडकतो, का पळतो, का उलटतो

घाटात ट्रेलर उलटला की कारण म्हणून दोनच शब्द ऐकू येतात: ब्रेक फेल. पण गाडी सरळ करून तपासली तर पुष्कळदा हवेच्या नळ्या शाबूत असतात, टाकीत हवा असते, लायनरही (घासून चाक थांबवणारी अस्तरं) शिल्लक असतात. तुटलेलं असं काहीच सापडत नाही. ब्रेकनं जेवढी उष्णता घ्यायची तेवढी घेऊन झालेली असते, पुढची घ्यायला त्यात जागा उरलेली नसते. अवजड माल घेऊन डोंगर उतरणं म्हणजे खरं तर उष्णता कुठे सोडायची याचं गणित आहे. आणि ते माथ्यावर, गाडी उभी असतानाच मांडता येतं.

समजा ४० टनांची गाडी ५०० मीटर उंचीवरून खाली आणायची आहे. उतार ७ टक्के, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ७ मीटर खाली. रस्ता साधारण ७ किलोमीटरचा झाला. एवढं वजन एवढं खाली येताना सुमारे १९६ मेगाज्यूल ऊर्जा सुटते. ६०० लिटर पाणी उकळीला आणायला पुरेल इतकी. टायर आणि हवेचा विरोध यातला थोडासा वाटा उचलतात. बाकीची सगळी उष्णता होऊन कुठून तरी बाहेर पडायलाच हवी. ती एकट्या ब्रेकवर टाकली आणि बारा चाकांच्या बारा ड्रममध्ये (लायनर ज्याला आतून घासतो ते चाकाबरोबर फिरणारं भांडं) मिळून ६०० किलो बीड (ओतीव लोखंड) धरलं, तर वाटेत निवायला वाव न मिळाल्यास ड्रमचं तापमान ५५० ते ६०० अंशांनी चढेल. लायनरची पकड, त्याच्या जातीनुसार, २५० ते ३०० अंशांच्या पुढे ढासळायला लागते. म्हणजे अर्ध्या उतारावरच हिशेब संपतो.

ड्रम ब्रेकमध्ये याहून वाईट एक गोष्ट घडते. तापलेला ड्रम फुगतो. ४१० मिलिमीटर व्यासाचा ड्रम ३०० अंशांनी तापला तर त्याचा व्यास सव्वा मिलिमीटरहून जास्त वाढतो. आकडा किरकोळ वाटतो, पण ड्रम लायनरपासून दूर सरकलेला असतो, आणि ते अंतर भरून काढायला ब्रेक बूस्टरच्या (हवेच्या दाबानं दांडा ढकलून ब्रेक लावणाऱ्या डब्याच्या) दांड्याला दहा-पंधरा मिलिमीटर जास्त बाहेर यावं लागतं. ‘टाइप ३०’ या सर्रास वापरल्या जाणाऱ्या बूस्टरच्या दांड्याची पूर्ण चाल असते सुमारे ६४ मिलिमीटर. ती ५१ च्या पुढे गेली की ब्रेक पुन्हा जुळवायलाच हवा. आता दांडा थंड असतानाच ५० मिलिमीटर बाहेर येत असेल, तर तापल्यावर तो बूस्टरच्या तळाला जाऊन टेकेल. हवेचा दाब पूर्ण असूनही लायनर ड्रमवर दाबला जाणार नाही.

पायाला यातलं काही कळत नाही, हे सगळ्यात धोक्याचं. मोटारीत ब्रेक खाली गेला तर पाय सांगतो. एअर ब्रेकचं पेडल म्हणजे फक्त हवेची झडप. दांडा ३० मिलिमीटर सरको वा ६०, पायाखालची भावना तीच राहते. सपाट रस्त्यावर, थंड ड्रमवर, रिकामी गाडी झकास थांबते. त्यावरून घाटातला ब्रेक कसा असेल याचा अंदाज बांधू नये.

म्हणून दांड्याची चाल मोजायची. गाडी सपाटीवर, चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून लावायचा अडसर) लावलेली, पार्किंग ब्रेक सोडलेला, इंजिन बंद आणि टाकीत ६ ते ७ बार हवा. ब्रेक सुटलेला असताना दांडा बूस्टरमधून बाहेर येतो तिथे खडूची खूण करावी. एकानं पेडल पूर्ण दाबून धरावं, दुसऱ्यानं खूण किती सरकली ते मोजावं. सगळ्या चाकांवर. स्लॅक ॲडजस्टर (दांडा आणि लायनर दाबणारा कॅम यांना जोडणारा, चाल जुळवणारा हात) आपोआप जुळणारा असूनही चाल जास्त भरली तर तो हातानं फिरवून मोकळं होऊ नये. बुश, कॅम किंवा ॲडजस्टर स्वतःच झिजलेला असतो, आणि हातानं आवळलेला ब्रेक चार दिवसांत पुन्हा सैल होतो. डिस्क ब्रेकमध्ये ही फुगण्याची अडचण नाही, कारण तापलेली डिस्क पॅडच्या दिशेनं जाड होते. पण पॅड जळणं आणि उष्णता टायरपर्यंत पोचणं तिथेही टळत नाही.

आता वेगाकडे येऊ. तीच ४० टनांची गाडी ७ टक्के उतारावर ताशी ३० किलोमीटरनं उतरत असेल तर दर सेकंदाला सुटणारी ऊर्जा सुमारे २३० किलोवॉट, म्हणजे तीनशे अश्वशक्तीच्या आसपास. ताशी १५ नं उतरली तर बरोबर निम्मी. एकूण उष्णता दोन्हीकडे जवळपास सारखीच, पण हळू उतरताना ती बाहेर पडायला दुप्पट वेळ मिळतो, आणि इंजिन ब्रेक (इंजिनाच्याच विरोधानं वेग आवरणं) किंवा रिटार्डर (लायनर न घासता वेग आवरणारं यंत्र) त्यातला फार मोठा हिस्सा उचलू शकतो. त्यासाठी गिअर खालचा आणि इंजिनाचे फेरे जास्त हवेत, कारण इंजिन ब्रेकची ताकद फेऱ्यांबरोबर वाढते. ज्या गिअरमध्ये हा घाट चढला असता त्याच गिअरमध्ये, किंवा त्याच्याही एक खाली, उतरावं. आणि हा गिअर उतार सुरू होण्याआधी टाकलेला हवा. मध्येच बदलायला गेलं की आधीचा गिअर निघतो, तेवढ्यात वेग वाढतो, पुढचा जुळत नाही आणि ४० टन न्यूट्रलमध्ये सुटतात. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. त्या वाचलेल्या डिझेलची किंमत ड्रम मोजतात.

पायाचा ब्रेक कसा लावायचा यावर चालकांत जुना वाद आहे. हलका पाय सतत ठेवावा, की दाबून सोडावा? दाबून सोडावा, आणि त्याला कारण आहे. प्रत्येक ॲक्सलचा ब्रेक थोड्या वेगळ्या दाबाला पकड घेतो. हलक्या पायानं फक्त लवकर पकडणारी चाकंच काम करतात, बाकीची नुसती फिरत राहतात. म्हणजे बारा ड्रमचं ओझं चार ड्रमवर येतं. समजा सुरक्षित वेग २५ ठरवला. काटा २५ वर आला की ठामपणे ब्रेक लावावा, तीनेक सेकंदांत वेग १७ च्या आसपास आला की पूर्ण सोडावा. पुन्हा २५ झाला की पुन्हा. पेडल भराभर पंपासारखं मारू नये, कारण प्रत्येक वेळी हवा खर्च होते. दाब ४ बारच्या आसपास आला की इशारा वाजतो; अजून खाली गेला तर स्प्रिंग ब्रेक (हवा गेली की स्प्रिंगच्या जोरानं लागणारे) आपोआप लागतात, आणि ते वळणावर लागले तर चाकं जाम होऊन गाडी घसरते. नुसता ट्रेलरचा हातब्रेक ओढून घाट उतरण्याची सवयही वाईट. सगळी उष्णता ट्रेलरच्या ड्रममध्ये जाते आणि खरी गरज पडेल तेव्हा मागची चाकं साथ देत नाहीत.

मध्ये थांबण्याजोगी जागा मिळाली तर लेझर थर्मामीटरनं प्रत्येक ड्रमचं तापमान बघावं. सगळ्यांचं लक्ष धूर निघणाऱ्या चाकाकडे जातं, पण ते चाक निदान काम करत होतं. खरा दोषी बहुधा थंड राहिलेला ड्रम असतो, कारण त्यानं ब्रेक लावलेलाच नाही. आणि तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नये. बीड तडकतं.

वळणाचं गणित

आता ट्रेलर अडकतो का ते पाहू. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागावरून जात नाहीत, ती आतून कापत जातात. किती आतून, हे पायथागोरसच्या नियमानं निघतं. हॉर्सचा (ट्रेलर ओढणाऱ्या इंजिनवाल्या गाडीचा) पुढचा ॲक्सल १५ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात फिरतोय, हॉर्सच्या ॲक्सलमधलं अंतर ४ मीटर, आणि किंगपिनपासून (ट्रेलर हॉर्सला जोडणाऱ्या खिळीपासून) ट्रेलरच्या ॲक्सलसमूहाच्या मध्यापर्यंत ९ मीटर. १५ चा वर्ग २२५. त्यातून ४ चा वर्ग १६ आणि ९ चा वर्ग ८१ वजा केले की उरतात १२८. त्याचं वर्गमूळ ११.३. म्हणजे ट्रेलरची चाकं हॉर्सच्या ३.७ मीटर आतून जाणार. गाडीची रुंदी २.५ मीटर मिळवली तर रस्ता निदान ६.२ मीटर मोकळा हवा. त्याच वळणावर किंगपिनपासूनचं अंतर १२ मीटर असेल तर ट्रेलरची त्रिज्या ८ मीटरवर येते आणि लागणारी रुंदी साडेनऊ मीटरच्या जवळ जाते. ट्रेलर तीन मीटर लांबला आणि रस्ता सव्वातीन मीटर जास्त लागला! ही आकडेमोड गाडी वर्तुळात फिरतच राहिली तर काय होईल याची आहे. लहान वळणावर ट्रेलर इतका आत येण्याआधीच वळण संपतं. पण पूर्ण उलट फिरवणाऱ्या हेअरपिन वळणावर तो या आकड्याच्या फार जवळ पोचतो.

याचा परिणाम वळणाच्या बाजूवर अवलंबून असतो. वळणाच्या आतल्या अंगाला डोंगर असेल तर ट्रेलर गटारात उतरतो किंवा कातळाला घासतो. आत दरी असेल तर मागची चाकं साइडपट्टीवर जातात, चालकाच्या नजरेआड. ट्रेलरच्या मागे लोंबणारा माल मात्र उलट, बाहेरच्या बाजूला फिरतो. लांब गर्डर किंवा पाइप असेल तर त्याचं टोक समोरून येणाऱ्या गाडीच्या काचेच्या उंचीवर असतं. पवनचक्कीचं पातं नेताना हा प्रश्न टोकाला जातो. म्हणूनच मागचे ॲक्सल वेगळे वळवता येतील असे ट्रेलर वापरतात, आणि मागे चालणारा माणूस रिमोटनं ते वळवत नेतो. काही ठिकाणी पातं उभं तिरकं उचलून धरणारा ट्रेलर लागतो.

हेअरपिनचा आणखी एक डाव नजरेत येत नाही. मधल्या रेषेवर, १५ मीटर त्रिज्येला ७ टक्के असणारा चढ, ११ मीटर त्रिज्येच्या आतल्या कडेला साडेनऊ टक्के होतो, कारण तेवढीच उंची कमी अंतरात चढायची असते. ट्रेलर नेमका त्याच कडेनं जातो. हॉर्स एका तिरपेवर, ट्रेलर दुसऱ्या. फिफ्थ व्हील (किंगपिन धरून ठेवणारी हॉर्सवरची बैठक) पुढे-मागे झुकतं, पण डावी-उजवीकडे फारसं नाही. चासीला पीळ पडतो, हॉर्सचं एक चाक हलकं होतं आणि जागेवर फिरायला लागतं.

लोबेडची (जमिनीलगत पाट्याच्या ट्रेलरची) वेगळी काळजी. ॲक्सल आणि किंगपिनमध्ये १० मीटर अंतर आणि पोटाखाली २५ सेंटिमीटर जागा असेल, तर ५० मीटरहून कमी त्रिज्येच्या उंचवट्यावर तो मध्येच टेकणार. माथ्यावरचा बाक नि मोरीवरचा उंचवटा आधी दोरी ताणून मोजावेत.

उलटणं

भरलेला ट्रेलर घसरण्याआधी उलटतो, मोटार उलटण्याआधी घसरते. हा फरक उंचीचा आहे. गुरुत्वमध्य जमिनीपासून २ मीटरवर असेल आणि दोन्हीकडच्या चाकांच्या मध्यांतलं अंतर १.८५ मीटर, तर कागदावर ट्रेलर गुरुत्वाकर्षणाच्या ०.४६ पट आडव्या जोराला उलटतो. स्प्रिंग आणि टायर दबतात, माल थोडा कलतो, म्हणून प्रत्यक्षात ०.३५ च्या आसपास. २० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर हा जोर ताशी ३० किलोमीटरला येतो, १५ मीटरच्या वळणावर ताशी २६ ला. स्पीडोमीटरवर हे वेग फारच किरकोळ दिसतात, आणि घात तिथेच होतो. रस्त्याची तिरप बाहेरच्या बाजूला असेल तर हे आकडेही खाली येतात. हॉर्स वळणातून सुटला म्हणून चालक वेग वाढवतो तेव्हा ट्रेलर अजून वळणातच असतो. आणि ट्रेलर कलायला लागल्याचं केबिनमध्ये उशिरा कळतं. कळतं तेव्हा आतली चाकं उचललेली असतात.

टँकर अर्धा भरलेला असेल तर द्रव बाहेर लोटून हा जोर आणखी वाढवतो. पूर्ण भरलेला किंवा पूर्ण रिकामा टँकर त्या मानानं शहाणा वागतो.

चढावर काय बिघडतं

चढताना प्रश्न इंजिनाच्या ताकदीचा कमी, पकडीचा जास्त. ४० टन १० टक्के चढावर ओढायला साधारण ४२ किलोन्यूटन जोर लागतो. इंजिनानं चालणाऱ्या एका ॲक्सलवर ११ टन वजन असेल तर कोरड्या डांबरावर तो ७५ किलोन्यूटनपर्यंत देऊ शकतो. तोच रस्ता ओल्या खडीचा झाला की ३८ वर येतो, म्हणजे गाडी थांबते. दोन ॲक्सल चालणारे असतील, त्यांवर १८ टन वजन असेल, तर ओल्या खडीवरही ६० च्या पुढे जोर मिळतो. घाटासाठी हॉर्स निवडताना अश्वशक्तीच्या आधी हे बघावं.

चाकं फिरायला लागली की बरेच जण ॲक्सिलरेटर दाबतात. त्यानं खड्डा पडतो आणि गाडी मागे सरकू लागते. मागे सरकणारा ट्रेलर सरळ राहत नाही, कात्रीसारखा दुमडतो, आणि वरून ढकलणाऱ्या हॉर्सला तो आवरता येत नाही. पकड सुटतेय असं वाटलं की लगेच थांबून पार्किंग ब्रेक लावावा, मदतनिसानं ट्रेलरच्या चाकांमागे ओट ठोकावेत आणि मग दुसऱ्या हॉर्सची किंवा विंचची (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राची) वाट बघावी. मदतनिसानं दोन चाकांच्या मध्ये किंवा गाडीच्या सरळ मागे उभं राहू नये. ओट बाजूनं सरकवावा.

कडेची साइडपट्टी घट्ट दिसते म्हणून घट्ट असते असं नाही. दरीकडची बाजू बहुधा भराव घालून केलेली असते, आणि चाकाचा भार मातीत खाली साधारण ४५ अंशांत पसरत जातो. पावसानं भिजलेला भराव, जुनी मोरी, पोकळ झालेला दगडी कठडा यांच्या डोक्यावर ॲक्सलच्या एका बाजूचे पाच टन आले की कडा आतून ढासळते. समोरून गाडी आली तर दरीकडे सरकायचं काम हलक्या गाडीनं करावं. अवजड ट्रेलरनं डोंगराची बाजू सोडू नये, आणि पुढे-मागे वायरलेस असलेली पायलट गाडी ठेवून वाहतूक आधीच थांबवावी.

माल बांधण्याबद्दल थोडक्यात. युरोपात प्रचलित हिशेब असा, की पुढच्या बाजूला मालाच्या वजनाच्या ०.८ पट, आणि दोन्ही बाजूंना व मागे ०.५ पट जोर अडवता आला पाहिजे. २५ टनांचं पोकलेन असेल तर पुढे २० टन. लोखंडावर लोखंड ठेवलं तर घर्षण फारच कमी, म्हणून खाली रबराच्या पट्ट्या टाकाव्यात. ग्रेड ८० ची १० मिलिमीटर साखळी ६.३ टन, १३ मिलिमीटरची १० टन झेलते, पण सरळ रेषेत. तिरकी बांधली की कमी. चारही कोपरे यंत्राच्या चासीपासून बांधावेत. बूम (यंत्राचा लांब हात) खाली टेकवून वेगळी साखळी लावावी, वरचा भाग फिरू नये म्हणून त्याचा लॉक घालावा. पहिल्या काही वळणांनंतर साखळ्या हमखास सैल होतात. थांबून पुन्हा आवळणं हे कामाचाच भाग धरावं.

बिघडलंच तर

ब्रेक गेल्याचं कळल्यावर सुटका-मार्ग असेल तर त्यात सरळ शिरावं, तिरकं नाही. तिथली सुटी गोल खडी सुमारे मीटरभर खोल असते. चाकं तीत रुतूनच गाडी थांबते. शिरताना कचरू नये. सुटका-मार्ग नसेल तर डोंगराच्या बाजूला गाडी घासत न्यावी, आणि हे वेग कमी असतानाच करावं. ‘पुढच्या वळणापर्यंत बघू’ म्हणण्यातच वेग वाढतो.

ट्रेलरचं चाक कडेवरून खाली गेलं तर पहिला मोह असतो हॉर्सनं ओढून काढण्याचा. तो आवरावा. दरी वळणाच्या आत असेल तर पुढे ओढलेला ट्रेलर आणखी आत, म्हणजे दरीकडेच जातो. माणसं डोंगराच्या बाजूनं उतरवावीत, दोन्हीकडून वाहतूक थांबवावी, आणि ट्रेलरची चासी आधी डोंगराकडच्या भक्कम आधाराला बांधावी. रस्त्याकडेचा पत्र्याचा कठडा हा आधार नव्हे. बांधल्याशिवाय माल उतरवायला घेऊ नये, कारण अर्धा माल निघाला की तोल बदलतो.

ओढायला किती जोर लागेल? चाक हबपर्यंत (मधल्या तुंब्यापर्यंत) रुतलं असेल तर मालासह गाडीच्या पूर्ण वजनाइतका, हबच्या वर गेलं असेल तर दुप्पट धरून चालतात. चढाचा जोर त्यात वेगळा मिळवायचा. एक कप्पी लावून दोर परत फिरवला की विंचचा जोर जवळपास दुप्पट होतो. पण कप्पी डोंगराला बांधली असेल तर त्या खुंटीवरही दुप्पट ताण येतो, आणि खुंटी उपटून आली की तीच गोळ्यासारखी सुटते. ताणलेल्या दोराच्या रेषेत आणि कप्पीनं केलेल्या कोनाच्या आत कोणी उभं राहू नये.

गाडी रस्त्यावर आल्यावर लगेच निघू नये. किंगपिन आणि त्याभोवतीचे जबडे, फिफ्थ व्हीलचे बोल्ट, ट्रेलरच्या प्लेटमध्ये आणि फिफ्थ व्हीलमध्ये फट पडली आहे का, हवेच्या नळ्या, स्प्रिंगांची पानं, टायरच्या आतल्या भिंती, सगळं पाहावं. मग पार्किंग ब्रेक फक्त ट्रेलरला ठेवून हॉर्सनं हळूच पुढे ओढून पाहावं, सांधा धरतो का. धरला, की पुन्हा खडू घेऊन दांड्यांची चाल मोजावी आणि मगच उरलेला उतार सुरू करावा.